लकव्यानंतर मिटलेली मूठ आणि मेंदूचे सिग्नल वाचणारं मशीन: पैसे घालण्याआधी काय बघावं

निपाणीजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय. वडील ५८ वर्षांचे, तंबाखूची शेती. सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली आणि डाव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी घेऊन चालतात, खांदा उचलतो, कोपर थोडं वाकतं, पण डाव्या हाताची बोटं मिटलेली ती मिटलेलीच. धाकटा भाऊ बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेंदूचे सिग्नल मशीन लर्निंगनं ओळखून हात उघडणारं यंत्र त्यानं मोबाईलवर बघितलंय आणि तसंच घरी बनवतो म्हणतो. शिवाय एका क्लिनिकनं 'ब्रेन मशीन'चं भलंमोठं पॅकेज सांगितलंय. पैसे घालावेत का, भावाला प्रयोग करू द्यावा का, की सरळ बेंगळुरू गाठावं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकव्याचेच पेशंट जास्त बघते, आणि काही वर्षं ईईजीवर, म्हणजे डोक्याच्या कातडीवरून टिपलेल्या मेंदूच्या सिग्नलवर, चालणाऱ्या हाताच्या उपचारावरच्या संशोधनात काम केलंय. पेशंटच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवण्यापासून रात्री डेटा तपासण्यापर्यंत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. हे तंत्र थोतांड नाही, त्याला चांगला पुरावा आहे. पण तो पुरावा एका विशिष्ट गोष्टीचा आहे, आणि बाजारात नेमकी तीच गोष्ट गाळून बाकीचा थाट विकला जातो. ती गोष्ट समजली की तुमचे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतील.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. मेंदूतली वीज डोक्याच्या कातडीवरून टिपता येते, हे जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसावर करून दाखवलं. हात स्वस्थ असतो तेव्हा हाताचं काम बघणाऱ्या भागावर सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा हेलकावणारी एक लय असते, तिला म्यू लय म्हणतात. तिच्यावर १३ ते ३० पर्यंतची बीटा लय. माणूस हात हलवायला गेला, किंवा हलवायचा नुसता जोर मनात केला, तरी या लयी दबतात. हात हलण्याच्या सेकंद-दोन सेकंद आधीपासूनच दबू लागतात. म्हणजे यंत्र विचारबिचार वाचत नाही. 'आता हा माणूस हात हलवू बघतोय' आणि 'आता स्वस्थ बसलाय' एवढ्या दोनच गोष्टी ते वेगळ्या करतं. ओळख पटली की हाताला लावलेला करंट सुरू होतो किंवा मोटर लावलेला पट्टा बोटं उघडतो.

तुमच्या बाबांचा डावा हात, म्हणजे बघायची जागा डोक्याच्या उजव्या बाजूला. तिला सी-४ म्हणतात. कानापासून कानापर्यंत डोक्यावरून टेप धरली तर मधल्या बिंदूपासून उजवीकडे त्या लांबीच्या २० टक्के, साधारण सात सेंटिमीटर. तिथला सिग्नल काही मायक्रोव्होल्टचा, तोही कवटीतून गाळून आलेला. मिरवणुकीत ढोल-ताशा चालू असताना पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचं बोलणं टिपायचं, अशातला प्रकार. पापणी लवली, दात आवळले, मान ताठली, तरी त्याहून मोठी वीज येते. आपल्या लाईटची ५० हर्ट्झची गुणगुण वेगळीच. अर्थिंग नीट नसलेल्या खोलीत, शेजारी इन्व्हर्टर किंवा माग चालू असताना घेतलेला ईईजी मी बघितलाय, त्यात मेंदू शोधावा लागतो. आणि डोक्याला चोपडलेलं खोबरेल! आपल्याकडे दवाखान्यात जायचं म्हणून आदल्या रात्री मुद्दाम छान तेल लावून देतात. तेलावर इलेक्ट्रोड पकडत नाहीत, जेल घालून घासत बसावं लागतं आणि निम्मा वेळ त्यातच जातो.

आता तो पुरावा. २०१३ साली जर्मनीतल्या एका गटानं ३२ पेशंटवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. सगळे जुने लकव्याचे, बोटं अजिबात न उघडणारे, म्हणजे तुमच्या बाबांसारखेच. निम्म्यांच्या हाताचा पट्टा मेंदूत लय दबली की हलायचा. उरलेल्यांचा पट्टा कधीही, मेंदूशी संबंध नसताना हलायचा. टोपी तीच, पट्टा तोच, नंतरची फिजिओथेरपीही तीच. सिग्नलला बांधलेल्या गटाचा हात जास्त सुधारला. २०१८ मध्ये २७ पेशंटवर करंट वापरून अशीच चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे. ज्यांना मेंदूच्या सिग्नलवर करंट मिळाला त्यांचे हाताच्या तपासणीतले गुण सरासरी ६.६ नं वाढले, ज्यांना कसाही मिळाला त्यांचे २.१ नं. फायदा सहा महिन्यांनी पुन्हा बघितला तेव्हाही टिकला होता. ही तपासणी फुगल-मायर नावाची, वरच्या अंगासाठी एकूण ६६ गुणांची. जुन्या पेशंटला पाचेक गुण वाढले की रोजच्या वापरात काहीतरी फरक जाणवतो, असा ढोबळ हिशोब आहे.

म्हणजे करंटनं हात उघडला हे औषध नव्हे, करंट दोन्ही गटांना मिळाला होता. मेंदूनं जोर केला आणि त्याच क्षणी हात उघडल्याची जाणीव परत मेंदूत पोचली, ही वेळेची गाठ हेच औषध. तीच सुटली तर उरतं साधं करंटचं मशीन, जे कुठल्याही फिजिओथेरपी खोलीत असतं.

६.६ गुणांचा अर्थही सांगून ठेवते, नाहीतर अपेक्षा कुठच्या कुठे जातात. मिटलेली मूठ थोडी सैल पडते, बाटली धरून ठेवायला हात मदत करतो, सदऱ्याच्या बाहीत घालताना सोपं जातं. गुंडी लावणं यात येतंच असं नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओत मेंदूत बसवलेल्या तारांमधून लकव्याची बाई संगणकाच्या आवाजात बोलते, ते खरं आहे. २०२३ चं काम आहे, २५३ इलेक्ट्रोड मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवून केलेलं. पण तिथे बिघडलेली वाट सोडून बाजूनं नवी वाट काढलीय. आपल्याला तीच जुनी वाट जमेल तेवढी परत चालू करायचीय. दोन्हींची गल्लत करू नका.

इथून पुढचं थोडं भावासाठी, पण तुम्हीही वाचा, कारण क्लिनिकला विचारायचे प्रश्न यातूनच निघतात.

त्यानं उतरवून घेतलेला डेटा बहुतेक दोहोंपैकी एक असेल: ऑस्ट्रियातल्या ग्राझचा नऊ जणांचा, २२ इलेक्ट्रोडचा, किंवा फिजिओनेट या खुल्या डेटाच्या वेबसाइटवरचा १०९ जणांचा, ६४ इलेक्ट्रोडचा. दोन्ही शिकायला उत्तम, पण दोन्हींत धडधाकट माणसं आहेत. लकव्याच्या माणसाच्या डोक्यात इजा नेमकी त्याच भागात किंवा त्याच्या वाटेवर असते. लय दबते ती कमी दबते, उशिरा दबते, कधी पलीकडच्या बाजूलाच जास्त दबते. धडधाकट माणसांतही साधारण १५ ते ३० टक्के लोकांचा सिग्नल यंत्राला धडपणे ओळखता येत नाही. त्यामुळे प्रोजेक्ट रिपोर्टात ९५ टक्के अचूकता आली म्हणून ती बाबांच्या खाटेपर्यंत येईल असं धरू नको.

मॉडेल कुठलं, यावर मुलं महिने घालवतात. माझं मत रोखठोक आहे: पेशंटकडून एका बैठकीत ४० ते ८० प्रयत्नांपेक्षा जास्त डेटा मिळत नाही, तो दमतो. एवढ्याशा डेटावर मोठं डीप लर्निंग म्हणजे पाठांतर. ८ ते ३० हर्ट्झची गाळणी, कॉमन स्पेशियल पॅटर्न (दोन स्थिती वेगळ्या दिसतील असं इलेक्ट्रोडचं मिश्रण) आणि त्यावर साधा एलडीए (दोन गट एका सरळ रेषेनं वेगळे करणारी पद्धत), हे जुनं जोडकाम अजून भल्याभल्यांना हरवतं. कोव्हेरियन्स मॅट्रिक्सवरच्या, म्हणजे इलेक्ट्रोड एकमेकांबरोबर कसे बदलतात त्या तक्त्यावरच्या, रीमानियन पद्धती त्याहून थोड्या टिकाऊ, विशेषतः टोपी रोज थोडी इकडेतिकडे बसते तेव्हा. न्यूरल नेटवर्कच हवं असेल तर ईईजीनेट मुद्दाम लहान ठेवलेलं आहे, ते घे. पण आठ-दहा इलेक्ट्रोड नीट बसवलेले असतील तर मॉडेल बदलून जो फरक पडतो त्यापेक्षा केस धुऊन आल्यानं जास्त पडतो.

खरी मेख तपासणीत आहे. एका प्रयत्नाचे एकमेकांवर चढलेले दहा तुकडे करून त्यांतले काही शिकवायला आणि काही परीक्षेला टाकले, तर अचूकता छप्पर फाडून वर जाते, कारण परीक्षेतला प्रश्न मॉडेलनं आधीच पाहिलेला असतो. आधी सगळी विश्रांती आणि मग सगळे प्रयत्न अशा क्रमानं डेटा घेतला, तर मॉडेल हात शिकत नाही, वेळ शिकतं. जेल वाळत जातं, पेशंट पेंगुळतो, तेवढं त्याला पुरतं. म्हणून सोमवारच्या डेटावर शिकव आणि गुरुवारच्या बैठकीवर तपास. आणि ४० प्रयत्नांत २६ बरोबर आले म्हणून उड्या मारू नको. नुसतं नाणं उडवलं तरी तेवढे किंवा जास्त येण्याची शक्यता चार टक्के आहे. वीस वेगवेगळ्या सेटिंग लावून बघितल्यास तर एखादी तशी निघणारच.

त्याहून वाईट फसवणूक पेशंटच्या अंगातून येते, आणि ती मुद्दाम केलेली नसते. 'हात उघडा' म्हटलं की लकव्याचा माणूस श्वास धरतो, दात आवळतो, खांदा वर ओढतो, चांगल्या हाताची मूठ वळतो. जबड्याच्या स्नायूंची वीज बीटाच्या पट्ट्यात सहज घुसते. मॉडेल तीच पकडतं, पडद्यावर हिरवी पट्टी झळकते, घरचे टाळ्या वाजवतात, आणि बाबा शिकतात काय, तर दात आवळले की हात उघडतो. म्हणून दोन्ही हातांवर आणि जबड्याजवळ स्नायूंची वीज मोजणारे इलेक्ट्रोड लावायचे, आणि तिथे हालचाल दिसली की तो प्रयत्न बाद. कंटाळवाणं आहे, पण याशिवायचा डेटा मी बघतही नाही.

कुठल्या बाजूचा सिग्नल घ्यायचा यावर तज्ज्ञांत एकमत नाही. ६४ इलेक्ट्रोड मॉडेलपुढे टाकले तर ते अनेकदा धडधाकट बाजूच निवडतं, कारण तिथे सिग्नल ठळक. २०१३ च्या चाचणीत इजा झालेल्या बाजूचा घेतला होता. उलट, अमेरिकेच्या एफडीएनं एप्रिल २०२१ मध्ये ज्या इप्सीहँड नावाच्या उपकरणाला परवानगी दिली, ते मुद्दाम धडधाकट बाजूचा सिग्नल घेतं, सहा महिने उलटून गेलेल्या पेशंटसाठी. मी स्वतः इजेच्या बाजूला तसूभर जरी सिग्नल असेल तरी तोच घेते, अचूकता दहा टक्क्यांनी कमी आली तरी चालेल. आपल्याला परीक्षेत गुण मिळवायचे नाहीत, तो भाग कामाला लावायचाय. अजिबातच नसेल तर दुसऱ्या बाजूचा विचार.

आणि वेळ. सिग्नल ओळखण्यात मॉडेलनं दीड-दोन सेकंद खाल्ले तर ती गाठ सैल पडते. सिग्नलचा चार सेकंदांचा तुकडा (खिडकी) घेऊन ९० टक्के आणण्यापेक्षा एका सेकंदाच्या खिडकीवर ७० टक्के मला जास्त कामाचे. चुकून सुटलेले करंट मात्र कमी हवेत. स्वस्थ बसलेल्या माणसाचा हात आपोआप उघडायला लागला की त्याचा यंत्रावरचा आणि स्वतःवरचा दोन्ही विश्वास जातो.

अल्गोरिदमच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट सांगते. पडद्यावर इंग्रजीत 'रेस्ट' आणि 'इमॅजिन' येतं, तंत्रज्ञ कन्नडमध्ये समजावतो, पेशंट घरी मराठी बोलतो. निपाणीकडच्या एक विडी कामगार मावशी होत्या, सगळं आयुष्य सुपावर वाकून गेलेलं. पडद्यावरच्या हाताचं चित्र बघून 'मूठ उघडते अशी कल्पना करा' म्हटलं की त्यांचा सिग्नल सपाट. म्हणाल्या, "बाई, हात उघड म्हणतीस, पन हात हाय कुठं त्येच कळंना झालंय." मग पडदा बाजूला ठेवला. म्हटलं, मावशी, मांडीवर सूप आहे. ओलं पान कापून डाव्या हातात घेतलंय, जर्दा पसरलाय. आता वळा. चित्र बघू नका, हातानं करा. डाव्या अंगठ्याखाली पान सरकतंय तेवढंच मनात आणा. त्याच बैठकीत सी-४ वरची लय दबलेली दिसू लागली. हात बघितल्याची कल्पना आणि हातानं केल्याची कल्पना यांत फरक असतो, आणि दुसरी हवी असते. तुमच्या बाबांना तंबाखूचं पान खुडायला सांगा, खुरपं धरायला सांगा. भावाला यंत्रच करायचं असेल तर त्यानं आधी सूचना बाबांच्या बोलीत, घरच्याच आवाजात रेकॉर्ड कराव्यात. हे काम फुकट आहे आणि कुठल्याही मॉडेलइतकंच मोलाचं.

तर भावानं काय करावं? प्रोजेक्ट जरूर करावा. खुला डेटा घ्यावा, वर सांगितल्याप्रमाणे दिवस वेगळे ठेवून तपासावा, निकाल ६५ टक्के आला तर तोच लिहावा. कपाळावर आणि कानामागे लावायचे स्वस्त हेडबँड घेऊ नयेत, हाताच्या भागावर त्यांचा एकही इलेक्ट्रोड येत नाही. त्यातून हात ओळखला असं कुणी दाखवलं तर तो डोळा किंवा जबडा ओळखतोय. बाबांवर नुसता ईईजी घेऊन बघायचा असेल तर कॉलेजच्या गाईडला, मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीला आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टला धरून करावं. आणि एक गोष्ट अजिबात नाही: घरी बनवलेल्या सर्किटनं बाबांना करंट द्यायचा नाही. भिंतीच्या पिनला लावलेला लॅपटॉप, डोक्याला तारा आणि हाताला करंट, हे तिन्ही एका माणसाला जोडणं जीवावर बेतू शकतं. पेसमेकर असेल, लकव्यानंतर कधी आकडी आली असेल, तर स्नायूला करंट देणारं साधं मशीनसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावत नाहीत.

आता बाबांकडे येते. 'बोटं मिटलेली' एवढ्यावरून मला काहीच ठरवता येत नाही, म्हणून तीन गोष्टी घरीच बघा.

त्यांचं मनगट खाली वाकवून हळूच बोटं उघडा. मग मनगट सरळ धरून उघडा. वाकवल्यावर उघडतात आणि सरळ धरल्यावर नाहीत, तर स्नायू आखडलेत किंवा आखूड झालेत. तसं असेल तर आधी ताण, स्प्लिंट आणि गरज वाटली तर न्यूरॉलॉजिस्टकडून आखडलेला स्नायू सैल करणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन. आखूड झालेला स्नायू जगातलं कुठलंही मशीन लर्निंग लांब करत नाही. दुसरं, जेवताना बघा. ताटात डावीकडे वाढलेली चटणी, लिंबू, कोशिंबीर तशीच राहते का? दाढी डाव्या गालावर अर्धवट होते का? उजव्या मेंदूच्या लकव्यात अनेकदा डावी बाजू लक्षातूनच जाते. तसं असेल तर पडद्याकडे बघून करायचं कुठलंही प्रशिक्षण अर्धं वाया जाईल, आधी त्यावर काम हवं. तिसरं, हाताच्या मागच्या बाजूला, कोपराखाली चार बोटांच्या अंतरावर तुमचे हात ठेवा आणि त्यांना पान खुडायला सांगा. बोट हललं नाही तरी हाताखाली स्नायू थरथरल्यासारखा लागतो का?

लागत असेल तर चांगली बातमी, आणि थोडी गंमतही: मग डोक्यातले सिग्नल वाचायची गरजच नाही. त्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून त्याची वीज वाढली की करंट सुरू करणारी यंत्रं आहेत. ती कितीतरी स्वस्त, दोन मिनिटांत बसतात, तेलाचा प्रश्न नाही, आणि वेळेची गाठ तीच. ईईजीचं यंत्र खरं कामाचं ते जिथे स्नायूत काहीच सापडत नाही अशांना. उलट ज्यांचं मनगट २० अंश आणि बोटं १० अंश वर येतात त्यांना चांगला हात बांधून ठेवून वाईट हाताकडून काम करून घेण्याची पद्धत आहे, तिचा पुरावा या सगळ्यांहून भक्कम आहे. २२२ पेशंटवर झालेल्या २००६ च्या अमेरिकन चाचणीनं ते दाखवलंय.

मग राहतो डोस, ज्याबद्दल कुणी बोलत नाही कारण त्यात विकण्यासारखं काही नसतं. अमेरिकेतल्या फिजिओथेरपीच्या बैठका मोजल्या तेव्हा हाताच्या कामाच्या आवृत्त्या सरासरी ३२ निघाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तो शेकड्यांनी केल्यावर. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या रुग्णालयात तीन आठवड्यांत ९० तास नुसता हातावर व्यायाम देतात. जुन्या पेशंटचेसुद्धा फुगल-मायरचे गुण त्यात बरेच वाढलेले दिसले, मेंदू न वाचता. तिथे तुलनेचा गट नव्हता, म्हणून आकडे शेजारी ठेवून भांडायला नको. पण पॅकेजचे पैसे तासांत मोडले तर किती तास मिळतील, हा हिशोब मी कुठल्याही घराला करायला सांगेन.

म्हणजे सगळं घरच्यांनी करायचं का? तेही नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० पेशंट घेऊन अटेंड नावाची चाचणी झाली, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. घरच्यांना व्यायाम शिकवून पेशंट त्यांच्या हवाली केला, तर सहा महिन्यांनी काही फरक दिसला नाही. आईनं स्वयंपाक, गोठा, विड्या सांभाळून वर व्यायामही घ्यायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? म्हणून आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट आणि मधल्या दिवसांत घरी ठरवून दिलेलं, मोजून केलेलं काम. कपाटाच्या आरशाचा तुकडा दोन हातांच्या मध्ये उभा करून चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हातांनी तेच करणं, त्याचा पुरावा बऱ्यापैकी आहे आणि खर्च नाही. डाव्या हातानं कागद दाबून धरायचा आणि उजव्यानं लिहायचं, डावा हात टॉवेलवर ठेवून टेबलावर पुढे-मागे ढकलायचा. काम करताना डावा हात खालून ओढू नका, काखेत धरून उठवू नका. लकव्याचा खांदा सैल असतो, एकदा दुखायला लागला की पुढचे तीन महिने हाताला हात लावू देत नाहीत. कबुतराचं रक्त आणि गरम तेलाचा रगडा सुचवणारे पाहुणे येतील, त्यांना चहा द्या.

बेंगळुरूबद्दल. निम्हान्ससारख्या, मेंदूच्या आजारांच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मत घेणं चांगलंच, पण बेळगावहून ५०० किलोमीटर, आणि हाताचा उपचार एका खेपेत होत नाही. आठवड्यातून दोनदा जाता येईल ती जागा तुमची. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव जवळपास दुप्पट लांब. पण कर्नाटकच्या बायकांसाठीच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेत आईचा बेळगावचा प्रवास सरकारी बसनं फुकट होतो, कोल्हापूरच्या बसला ते लागू नाही. बाबांचं तिकीट दोन्हीकडे आहेच. बेळगावात फिजिओथेरपी कॉलेज आहे, सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, बिम्स, आहे. सहा आठवड्यांचा हिशोब घालून ठरवा.

त्या पॅकेजवाल्या क्लिनिकला पैसे देण्याआधी एक बैठक मागा आणि भावाला बरोबर न्या. टोपी चढवून सगळं चालू झालं की बाबांना म्हणा, हात सोडून द्या आणि मनात बेचे पाढे म्हणा. दोन मिनिटांत हात चार-पाच वेळा उघडला तर तो मेंदूवर नाही, घड्याळावर चालतोय. मग म्हणा, हाताचा विचार करू नका, फक्त दात आवळा. उघडला तर जबड्यावर चालतोय. त्यांनी ही तपासणी करू दिली नाही, तर तेही उत्तरच आहे. उत्तर चांगलं आलं तर विचारा: सुरुवातीचे आणि शेवटचे फुगल-मायरचे गुण लिहून देणार का, ते त्यांच्याकडचा नसलेला कुणी तपासणार का, आणि दहा बैठकांत काही न सुधारल्यास पुढचे पैसे परत का. २०१८ च्या चाचणीत दहाच बैठका होत्या. तीस-चाळीस बैठकांचे पैसे आधी घ्यायचं कारण मला तरी माहीत नाही.

कुठेही जाताना पहिल्या दिवसाचा सीटी किंवा एमआरआय आणि डिस्चार्ज कार्ड न्या, चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद झाल्या नाहीत ना, हे आजच रात्री बघा. व्यायाम, करंट, यंत्र सगळं त्यानंतर.